१९४१ मध्ये ३९ कोटी, १९५१ मध्ये ३६ कोटी: भारताच्या लोकसंख्येची मालिका कशी लावायची

प्रश्न थोडक्यात असा: गेल्या चारशे-पाचशे वर्षांत भारताची लोकसंख्या नेमकी कशी बदलली? १६०० सालासाठी एक जण १० कोटी सांगतो, दुसरा साडेचौदा कोटी. १९४१ च्या जनगणनेत ३८.९० कोटी दिसतात आणि १९५१ मध्ये ३६.११ कोटी. मग फाळणीच्या दशकात पावणेतीन कोटी माणसे घटली का?

घटली नाहीत. ३८.९० कोटी हा अखंड हिंदुस्थानचा आकडा आहे आणि ३६.११ कोटी आजच्या भारताचा. आजच्या सीमांच्या आत १९४१ मध्ये ३१.८७ कोटी लोक होते. म्हणजे त्या दशकात बंगालचा दुष्काळ आणि फाळणी होऊनही लोकसंख्या १३.३ टक्क्यांनी वाढली. लोकसंख्येचा लांब पल्ल्याचा आलेख हातात आला की वळणांची कारणे शोधण्याआधी एक तपासावे लागते: ते वळण माणसांमुळे आले आहे की नकाशा, तारीख किंवा मोजण्याची रीत बदलल्यामुळे. भारताच्या बाबतीत निम्मी वळणे दुसऱ्या प्रकारची निघतात.

म्हणून पहिले काम सीमा ठरवण्याचे. ‘आजचा भारत’ की ‘ब्रह्मदेश (आजचे म्यानमार) वगळून अखंड हिंदुस्थान’? दोन्ही चालतात, पण मालिकेत मध्येच बदलायचे नाही. आजच्या सीमांनुसार जनगणना कार्यालयाने जुळवलेले आकडे असे, सगळे कोटींत:

१९०१: २३.८४
१९११: २५.२१
१९२१: २५.१३
१९३१: २७.९०
१९४१: ३१.८७
१९५१: ३६.११
१९६१: ४३.९२
१९७१: ५४.८२
१९८१: ६८.३३
१९९१: ८४.६४
२००१: १०२.८७
२०११: १२१.०९

ही मालिका १९०१ पासून सुरू होते. त्याआधीचे आकडे याच रांगेत चिकटवले की गडबड झालीच. १८८१ चे २५.३९ कोटी आणि १८९१ चे २८.७३ कोटी हे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानचे आहेत, ब्रह्मदेशासह. ते या तक्त्याच्या वर लिहिले तर १८९१ ते १९०१ मध्ये जवळजवळ ५ कोटी माणसे नाहीशी झालेली दिसतात. असे आलेख दुर्मीळ नाहीत. इंटरनेटवर सर्रास फिरतात, आणि खाली दुष्काळावर चर्चा रंगलेली असते.

सीमा जुळल्या की नाही याचा ताळा घेता येतो. १९०१ चा मूळ छापील आकडा २९.४४ कोटी. त्यातून ब्रह्मदेशाचे १.०५ कोटी वजा केले की २८.३९ कोटी उरतात. आता उलट बाजूने जा. त्या वर्षी आजच्या भारताच्या भूभागात २३.८४ कोटी, आजच्या बांगलादेशाच्या भूभागात २.८९ कोटी आणि आजच्या पाकिस्तानच्या भूभागात १.६६ कोटी. बेरीज २८.३९. इतके तंतोतंत जुळणे थोडे नशिबाचेही आहे, कारण गोवा, दमण, पुद्दुचेरी हे पोर्तुगीज-फ्रेंच मुलूख ब्रिटिशांच्या आकड्यात नाहीत आणि आजच्या मालिकेत नंतर मिळवले आहेत. सरहद्दीवरच्या काही भागांची मोजणीही तेव्हा झाली नव्हती. पण फरक दशांशाच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर राहतो, एवढे पुरे. ताळा एखाद-दोन टक्क्यांपेक्षा जास्त चुकला, तर कुठला तरी प्रदेश दोनदा धरला गेला आहे किंवा सुटला आहे.

ब्रह्मदेशाचा सांधा सर्वांत फसवा, कारण तो फाळणीसारखा डोळ्यांत भरत नाही. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. १९३१ चा छापील आकडा ३५.२८ कोटी ब्रह्मदेशासह आहे, १९४१ चा ३८.९० कोटी त्याच्याशिवाय. सरळ भागाकार केला तर दशकातली वाढ १०.३ टक्के येते. १९३१ मधून ब्रह्मदेशाचे १.४७ कोटी काढले की ३३.८२ कोटी उरतात आणि खरी वाढ १५ टक्के निघते. लोकसंख्येने वेग घेतला तो नेमका याच काळात, आणि सीमेची चूक तोच वेग झाकून टाकते.

सीमा बदलली की चिन्हसुद्धा बदलू शकते. १९११ ते १९२१ मध्ये लोकसंख्या घटली असे आपण शाळेत शिकतो. आजच्या भारतापुरते ते खरे आहे: उणे ०.३१ टक्के. पण ब्रह्मदेशासह ब्रिटिश हिंदुस्थान धरला तर तेच दशक अधिक १.२ टक्के दाखवते, कारण पूर्व बंगाल आणि ब्रह्मदेश त्या काळातही वाढत होते. दोन्ही विधाने बरोबर आहेत, फक्त कोणत्या भूभागाबद्दल ते सांगितलेले नसते.

दुसरा सांधा तारखांचा. ‘दशवार्षिक’ म्हटले की दहा वर्षे असे आपण गृहीत धरतो. पहिली एकाच वेळी झालेली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. पुढची २६ फेब्रुवारी १८९१, मग १ मार्च १९०१, १० मार्च १९११, १८ मार्च १९२१, २६ फेब्रुवारी १९३१. तेव्हा मोजणी एका रात्रीत उरकत, त्यामुळे चांदणी रात्र हवी आणि जत्रा-लग्नसराई टाळलेली हवी, म्हणून तारीख मागे-पुढे होई. हे काही दिवसांचे फरक फारसे बोचत नाहीत. १९७१ चा मात्र बोचतो. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीमुळे संदर्भ तारीख १ मार्चऐवजी १ एप्रिल झाली. म्हणून १९६१-७१ चे ‘दशक’ दहा वर्षे एक महिन्याचे आणि १९७१-८१ चे नऊ वर्षे अकरा महिन्यांचे. पाठ्यपुस्तकातले दशवार्षिक दर २४.८० आणि २४.६६ टक्के; त्यावरून सगळे सांगतात की वाढीचा कळस साठच्या दशकात झाला. वर्षाला किती, हे नीट काढले तर साठचे दशक २.२० टक्के आणि सत्तरचे २.२२ टक्के येते. कळस सत्तरच्या दशकात आहे.

वार्षिक दर काढायची रीतही इथेच सांगतो, कारण चूक नेहमीची आहे. २४.८ टक्क्यांना १० ने भागून २.४८ म्हणायचे नाही. वाढीवर वाढ होत असते. नंतरच्या आकड्याला आधीच्याने भागा, भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, त्याला प्रत्यक्ष वर्षांनी भागा (महिने धरून), १०० ने गुणा. ५४.८२ भागिले ४३.९२ म्हणजे १.२४८, लॉगॅरिदम ०.२२१७, भागिले १०.०८ म्हणजे ०.०२२. दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, हे पाहायचे तर ७० ला या टक्क्याने भागा. २.२ टक्क्यांनी सुमारे ३२ वर्षे.

आता खऱ्या बदलांकडे. १८७२ पासूनच्या अर्धशतकाचे चित्र नीट दिसण्यासाठी एक जास्तीचा सुधार लागतो. १८७२ ची मोजणी एका वेळची नव्हती. वेगवेगळ्या प्रांतांत १८६७ ते १८७२ दरम्यान झालेल्या गणती एकत्र केल्या होत्या, आणि बरीच संस्थाने त्यात नव्हतीच. तिचा आकडा २०.६२ कोटी. १८८१ चा २५.३९ कोटी. नऊ-दहा वर्षांत २३ टक्के वाढ, तीही १८७६-७८ च्या भीषण दुष्काळातून जाऊन? अशक्य. नवे प्रदेश मोजणीत आले आणि गणती सुधारली, एवढाच त्याचा अर्थ. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्ज्ली डेव्हिस यांनी या गळती भरून काढत अखंड हिंदुस्थानची (ब्रह्मदेश वगळून) मालिका लावली, ती आजही कामाला येते: १८७१ मध्ये २५.५ कोटी, १८८१ मध्ये २५.७, १८९१ मध्ये २८.२, १९०१ मध्ये २८.५, १९११ मध्ये ३०.३, १९२१ मध्ये ३०.६.

हे आकडे ओळीने वाचा. एक दशक जागच्या जागी थांबते, पुढचे वाढते, पुन्हा एक थांबते, पुन्हा एक वाढते आणि शेवटचे पुन्हा थांबते. थांबलेल्या तिन्ही दशकांना कारण आहे. १८७१-८१ मध्ये दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यातला १८७६-७८ चा दुष्काळ, ज्यात ५० लाखांहून अधिक माणसे गेली. १८९१-१९०१ मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ (दुसरा विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो) आणि त्यात १८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग, ज्याने पुढच्या दोन-अडीच दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९११-२१ मध्ये १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तिच्यातल्या मृत्यूंचे अंदाज १.२ कोटींपासून जवळजवळ २ कोटींपर्यंत जातात.

हा शेवटचा पल्ला इतका रुंद का, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण जुन्या मृत्यूसंख्यांची सगळी दुखणी त्यात आहेत. गावात जन्म-मृत्यू कळवायचे ते पाटील, कोतवाल किंवा चौकीदाराने. साध्या वर्षीही सगळे मृत्यू नोंदले जात नसत. साथीत कळवणाराच अंथरुणाला खिळलेला. संस्थानांत नोंदणी तुटक. म्हणून नोंदलेले मृत्यू हा खालचा आकडा धरायचा आणि दुसऱ्या बाजूने जनगणनेवरून हिशेब करायचा. १९११ मध्ये दहा वर्षांखालची जी मुले होती, ती १९२१ मध्ये १० ते १९ वयोगटात सापडली पाहिजेत. साधारण वर्षांतल्या मृत्युदराने किती उरली असती आणि प्रत्यक्षात किती आहेत, यातला फरक काढायचा. यातही अडचण येते. लहान मुले नेहमी कमी मोजली जातात, वये गोल आकड्यांत सांगितली जातात, आणि साथीमुळे जे जन्म झालेच नाहीत ते ‘मृत्यू’ म्हणून हिशेबात शिरतात. ही तिसरी गफलत दुष्काळाच्या आकड्यांत फार होते. लोकसंख्येतली तूट आणि मृत्यू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

त्या काळी जन्मदर हजारी ४८ च्या आसपास होता आणि १९११-२१ मध्ये मृत्युदरही जवळजवळ तितकाच. सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास. याचा अर्थ माणसे विसाव्या वर्षी मरत होती असा नाही; बालमृत्यू प्रचंड होते, आणि ज्याने पहिली पाच वर्षे काढली तो सरासरीने यापेक्षा बराच जास्त जगे.

१८७२ च्या मागे गेले की मोजणी संपते आणि अटकळ सुरू होते. अटकळ किती चुकू शकते, याचा दाखला १८७२ नेच दिला. तोवर बंगाल प्रांताची (तेव्हा त्यात बिहार, ओरिसा आणि आसामही) लोकसंख्या अधिकारी ४ कोटींच्या आसपास धरत. प्रत्यक्ष मोजली तर साडेसहा कोटींच्या वर निघाली. शंभर वर्षे महसूल वसूल करणाऱ्या सरकारचा अंदाज जर एवढा चुकतो, तर त्याआधीच्या कुठल्याही आकड्याला पल्ल्याशिवाय उभे करू नये.

१६०० सालाच्या दोन आकड्यांचे भांडण इथे येते. १० कोटींचा आकडा इतिहासकार डब्ल्यू. एच. मोरलँड यांचा. उत्तरेसाठी त्यांनी ‘आईन-इ-अकबरी’तील लागवडीची जमीन घेतली आणि माणशी जमीन तेव्हाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीइतकीच लागत असावी असे धरले. दक्षिणेसाठी विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांची मिळून १० लाख फौज धरून तिला ३० ने गुणले: ३ कोटी. हा तीसचा गुणक पहिल्या महायुद्धाआधीच्या फ्रान्स-जर्मनीवरून घेतलेला. दोन्ही पाय डळमळीत आहेत. प्रवाशांनी सांगितलेली फौज म्हणजे हजेरीपट नव्हे, आणि युरोपातली सक्तीची भरती दख्खनला लागू होण्याचे काही कारण नाही.

साडेचौदा कोटींचा आकडा इतिहासकार शिरीन मूसवी यांचा. आधार तोच, ‘आईन’मधली ‘आराझी’, म्हणजे मोजलेली जमीन, पण वापर जास्त काळजीचा. पायऱ्या ढोबळमानाने अशा. आराझी बिघ्यांत आहे. इलाही बिघा ३,६०० चौरस इलाही गज, म्हणजे सुमारे ०.६ एकर. हे एकरांत करून घ्यायचे. आराझीत पडीक जमीनही आहे, ती वजा करायची. ज्या परगण्यांची मोजणी अपुरी होती तिथे सुधार करायचा; बंगालसाठी आराझी दिलेलीच नाही, तो भाग वेगळ्या मार्गाने भरायचा. मग १९०० नंतरच्या लागवडीशी तुलना करायची. तेव्हाची लागवड विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या साधारण निम्म्या ते ५५ टक्के येते. मात्र जमीन मुबलक असल्याने माणशी लागवड जास्त होती, म्हणून लोकसंख्येचे प्रमाण लागवडीच्या प्रमाणाइतके धरता येत नाही. शेवटी साम्राज्याबाहेरचा दक्षिण भाग जोडायचा. प्रत्येक पायरीला दहा-पंधरा टक्क्यांची मोकळीक आहे. मला विचाराल तर १६०० साठी १२ ते १५ कोटी हा पल्ला वाजवी वाटतो (डेव्हिस साडेबारा म्हणतात), आणि १० कोटी कमी.

या अंदाजांवर एक सोपी चाचणी लावता येते. शेवटचे टोक घट्ट आहे: १८७१ चे २५.५ कोटी. २७१ वर्षांत १० चे २५.५ व्हायला वर्षाला ०.३५ टक्के वाढ लागते, १४.५ चे व्हायला ०.२१ टक्के. मध्ये १६३०-३२ चा दख्खन-गुजरातचा दुष्काळ आणि १७७० चा बंगालचा दुष्काळ आहे, अठराव्या शतकातल्या लढाया आहेत. १८७१ ते १९२१ मध्ये रेल्वे आणि दुष्काळ-नियमावली असूनही दर ०.३६ टक्केच होता. त्याआधीची तीन शतके सरासरीने तितकीच वेगात वाढली, हे पटायला कठीण. कमी दराचा, म्हणजे मोठ्या सुरुवातीचा अंदाज म्हणून वजनदार ठरतो. १८०० साठी १६ ते २० कोटींचे अंदाज आहेत; १४.५ कोटींपासून ०.२१ टक्क्यांची रेषा १८०० मध्ये सुमारे २२ कोटींवर येते, म्हणजे ते तिच्या खाली पडतात.

१७७० बद्दल ‘एक तृतीयांश बंगाल मेला’ हे वाक्य सगळीकडे सापडते. ते वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळवलेले. कोणी शिरगणती केली नव्हती. काही जिल्हे ओस पडले हे खरे, पण पळून गेलेले आणि मेलेले यांच्यात महसुली कागद फरक करत नाही.

मराठी वाचकांच्या हाताशी असलेले साधन म्हणजे पेशवाईतल्या खानेसुमारीच्या याद्या. कसबा, पेठ किंवा परगण्यातली घरे त्यांत मोजलेली असतात. घरांना माणसांच्या संख्येने गुणायचे, एवढे सोपे वाटते, पण त्याच गुणकात सगळा घोटाळा. हजार घरांना साडेचारने गुणले तर ४,५००, साडेपाचने गुणले तर ५,५००. फरक २२ टक्के. आधी पाहायचे की यादी घराची आहे की चुलीची. मग, यादी पट्टी बसवण्यासाठी केली असेल तर माफीची (करातून सूट असलेली) घरे तिच्यात आहेत का. ओस घरे वेगळी दाखवली आहेत का. आणि गुणक पुस्तकातून उचलण्याऐवजी त्याच तालुक्याच्या १८७२ किंवा १८८१ च्या जनगणनेतून, दर घरी माणसे किती यावरून घ्यायचा. तरीही उत्तर गावापुरते, फार तर परगण्यापुरते. दोन-चार पेठांवरून अख्ख्या सुभ्याची लोकसंख्या काढू नये. मुंबईचे उदाहरण पुरेसे बोलके आहे: अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली तेव्हा, १८६४ मध्ये शहरात ८,१६,५६२ माणसे मोजली गेली, १८७२ मध्ये ६,४४,४०५. त्या आठ वर्षांत इलाख्याच्या लोकसंख्येत असे काहीही झालेले नव्हते.

मौर्यकाळाबद्दल फक्त एवढेच: कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त गोप आणि स्थानिक या अधिकाऱ्यांनी कुटुंबांची नोंद ठेवावी असे सांगितले आहे, मेगॅस्थनिस पाटलीपुत्रात जन्म-मृत्यू नोंदणाऱ्या समितीचा उल्लेख करतो. नोंदी मात्र उरलेल्या नाहीत. पूर्वी त्या काळासाठी १० ते १४ कोटी धरत. लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांचा मौर्य साम्राज्यासाठीचा अंदाज दीड ते तीन कोटी आहे. पाच-सातपट तफावत असेल तिथे आलेखावर बिंदू काढू नये, पट्टा रंगवावा किंवा जागा मोकळी सोडावी.

१९२१ ला महाविभाजनाचे वर्ष म्हणतात आणि हे वळण खरोखर माणसांचे आहे. त्यानंतर एकाही दशकात लोकसंख्या घटली नाही. १९२१ ते १९५१ मध्ये वर्षाला १.२ टक्के, १९५१ ते २००१ मध्ये २.१ टक्के. लोकांचा समज असा की माणसे जास्त मुले जन्माला घालू लागली. जन्मदर १९५१ पर्यंत हजारी चाळिशीतच घुटमळत होता. बदलला तो मृत्युदर. १९११-२१ मध्ये ४८ च्या आसपास असलेला मृत्युदर १९४१-५१ मध्ये २७ वर आणि पुढच्या दशकात २३ च्या खाली आला. आधी प्लेग ओसरला आणि दुष्काळ उपासमारीपर्यंत जाणे कमी झाले (१९४३ चा बंगालचा दुष्काळ हा भयानक अपवाद). स्वातंत्र्यानंतर १९५३ पासून मलेरियाविरुद्ध डीडीटीची मोहीम, लसीकरण, प्रतिजैविके आली. सरासरी आयुर्मान १९४१-५१ मध्ये ३२ वर्षे होते, १९७०-७५ मध्ये ते पन्नाशीला टेकले.

जननदर नंतर उतरला. १९५० च्या दशकात एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३.४, २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात २.०. तरीही लोकसंख्या वाढतेच आहे, कारण आधी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता आई-बापाच्या वयात आहेत. जोडप्याला दोनच मुले, पण जोडपीच जास्त. १९९१-२००१ मध्ये १८.२३ कोटी वाढले, २००१-११ मध्ये १८.२१ कोटी. १९११-२१ सोडले तर आधीच्या दशकापेक्षा कमी माणसे वाढली असे हे पहिलेच दशक. त्याआधी वार्षिक दर दोन दशके उतरत होता तेव्हा माणसांची भर मात्र वाढतच होती. म्हणून ‘वाढ कमी झाली’ असे वाचताना दर म्हणतात की संख्या, ते पाहावे.

जनगणनेचे आकडे म्हणजे देववाणी नाही, हेही लक्षात ठेवा. १९३१ मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत काँग्रेसने गणनेवर बहिष्कार घातला होता. १९४१ मध्ये पंजाब आणि बंगालात उलटे झाले: जागा आणि प्रतिनिधित्व संख्येवर ठरणार म्हणून दोन्ही बाजूंनी आकडे फुगवले. त्यामुळे १९४१-५१ चा दर त्या प्रांतांत खरा होता त्यापेक्षा कमी दिसतो. अलीकडचे ठळक उदाहरण नागालँड: १९९१ मध्ये १२.१० लाख, २००१ मध्ये १९.९० लाख, २०११ मध्ये १९.७९ लाख. एका दशकात ६४.५ टक्के वाढ आणि पुढच्यात घट, असे जन्म-मृत्यूंनी होत नाही. फुगलेली मोजणी ओळखायची तर त्या वर्षाचा शाळेचा पट, मतदारयादी आणि वयोगटांची रचना शेजारी ठेवा. खऱ्या वाढीत लहान मुले वाढतात, फुगवट्यात सगळी वये सारखी सुजतात.

काही ठिकाणी मोजणी झालीच नाही. १९५१ मध्ये जम्मू-काश्मीर, १९८१ मध्ये आसाम, १९९१ मध्ये पुन्हा जम्मू-काश्मीर. तिथे आधी अंदाज घालतात आणि पुढची जनगणना आली की मधला आकडा नव्याने काढतात. म्हणून १९८१ साठी जुन्या पुस्तकांत ६८.५२ कोटी आणि नव्या तक्त्यांत ६८.३३ कोटी दिसतात. नवा वापरा. तात्पुरता आणि अंतिम आकडाही एकच नसतो: २०११ चा तात्पुरता १२१.०२ कोटी, अंतिम १२१.०९ कोटी. शिवाय गणनेनंतर नमुना पाहणी घेऊन किती जण सुटले ते तपासतात. २००१ आणि २०११ दोन्हींत हजारी २३. छापील मालिकेत ही सूट मिळवलेली नसते. दोन्ही वेळा गळती सारखी असल्याने दरावर परिणाम होत नाही, पण एकूण संख्येत २०११ मध्ये पावणेतीन कोटींहून अधिक माणसांचा फरक पडतो.

२०११ नंतर मालिकेत खंड आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकल्याचे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले, त्या वर्षाच्या मध्यासाठीचे त्यांचे १४२.८६ कोटी हा अंदाज आहे. जनगणनेच्या बिंदूंशी तो अखंड रेषेने जोडू नका, तुटक रेषा वापरा आणि तारीख १ जुलैची धरा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. आकडा आला की त्याला १२१.०९ ने भागताना अंतर १६ वर्षांचे धरायचे. येणारी टक्केवारी मागच्या दशवार्षिक टक्क्यांच्या रकान्यात लिहिली, तर उतरत असलेला वेग पुन्हा चढलेला दिसेल. वार्षिक दर काढून तो २००१-११ च्या १.६३ शी ताडून पाहा. जिल्ह्यांच्या पातळीवर काम करणार असाल तर २०११ नंतर झालेले नवे जिल्हे आधी जुन्या हद्दींत परत जोडून घ्या. महाराष्ट्रात ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर निघाला, त्यामुळे तसे केले नाही तर ठाणे जिल्ह्याच्या वाढीचा दर विनाकारण खाली येईल.